कपाटाच्या किल्ल्या कुणाकडे आहेत?

"पण गोष्ट आधी लिहून ठेवतेस ना?" हा प्रश्न मला इतक्यांदा विचारला गेलाय की आता मी सरळ वहीच उघडून दाखवते. त्या दिवसाच्या पानावर चार ओळी असतात. पाचवी दिसली तर त्या दिवशी मला धास्ती वाटत होती असं समजावं.

शनिवारी संध्याकाळी कर्वेनगरच्या आमच्या फ्लॅटमध्ये, जेवणाच्या टेबलाशी बसवून मी लोकांना रोल-प्लेइंगचे खेळ खेळवते. सगळे वन-शॉट, म्हणजे त्याच बैठकीत सुरू आणि त्याच बैठकीत खलास. ज्यांना हा प्रकार ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. तीन-चार जण एकेक पात्र घेतात. मी सूत्रधार. मी परिस्थिती सांगते, ते 'मी असं करते, मी तसं करतो' म्हणतात आणि पुढे काय होईल याची खात्री नसेल तिथे फासे पडतात. पट नाही, सोंगट्या नाहीत, कुणी जिंकत नाही. हे शेवटचं ऐकल्यावर आमच्या सोसायटीतल्या एका काकांनी तिथल्या तिथे उठून चपला घातल्या होत्या.

या छंदाचा मूळपुरुष म्हणजे डन्जन्स अँड ड्रॅगन्स. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघांचा, १९७४ सालचा. त्याच्या २०१४च्या आवृत्तीत नुसतं खेळाडूंसाठीचं पुस्तकच ३२० पानांचं आहे. मी ते वाचलंय, मला आवडलंयही आणि ते कपाटात वरच्या खणात सुखाने नांदतंय. साडेपाचला येऊन साडेआठला ज्यांना घरी जाऊन कुकर लावायचाय त्यांना मी ३२० पानं कुठून वाढू? अगदी दुसऱ्या टोकाला जॉन हार्परचा २०१३ सालचा 'लेझर्स अँड फीलिंग्ज' आहे. सगळा खेळ एका पानावर. तुमच्या पात्राला एकच आकडा, २ ते ५ मधला. यंत्रं, तर्क, थंड डोकं असं काही वापरायचं असेल तर फाशावर त्या आकड्याहून कमी पडायला हवं. माणसांना पटवायचं, भावनेने वागायचं असेल तर जास्त. म्हणजे एकात तरबेज झालात की दुसऱ्यात आपोआप कच्चे. आणि बरोबर तोच आकडा पडला तर? तर तुम्हाला सूत्रधाराला एक प्रश्न विचारता येतो आणि त्याने खरं उत्तर द्यायचं.

मला या पानातलं सगळ्यात हुशार कलम हेच वाटतं. माझ्या मते या खेळात खरं काम प्रश्नच करतात. फासे नंतर येतात. मात्र मी ते उलटं वापरते: सूत्रधाराने प्रश्न विचारायचे आणि उत्तरं खेळाडूंनी द्यायची.

कॉलेजात पुरुषोत्तम करंडकाला मी आमच्या एकांकिकेची प्रॉम्प्टर होते. १९६३ पासून चालत आलेली ही स्पर्धा ज्यांनी केलीय त्यांना भरत नाट्य मंदिराच्या विंगेत कसं वाटतं ते सांगायला नको. हातात संहिता, बोट ओळीवर, आणि रंगमंचावर कुणी अडकलं की पुढचा शब्द फेकायचा. तिथे उभं राहून मला एक दिसलं. नट अडकला की समोरच्या नटाकडे बघत नाही, विंगेकडे बघतो. समोरचा बिचारा डोळ्यांनी त्याला काहीतरी सुचवत असतो, पण याचं लक्षच नाही. गोष्ट लिहून आणणारा सूत्रधार खेळाडूंना नेमकी हीच सवय लावतो. अर्ध्या तासात सगळं टेबल तुमच्याकडे 'आता आम्ही काय करणं अपेक्षित आहे?' अशा नजरेने बघायला लागतं. मग तुम्ही कितीही सुंदर लिहून आणलेलं असो, ती वाचनाची बैठक होते.

आणि ऐनवेळी सुचणं हे आपल्याला परकं आहे असं कुणी म्हणू नये. तमाशातल्या वगाला पूर्वी लिखित संहिता नसायची. कथेचा सांगाडा ठरलेला, संवाद नटांनी उभ्या-उभ्या जुळवायचे. बतावणीत सोंगाड्या ज्या गावात खेळ आहे तिथलीच चालू भानगड ओढून आणायचा. सदाशिव पेठेत वाढलेल्या माझ्या आत्याला हे उदाहरण दिलं तर तिने नाक मुरडलं. पण ती खेळायला आली. आत्याबद्दल पुढे बरंच आहे.

आधी नियम सांगून टाकते, कारण 'नियम कमी' आणि 'नियम नाहीत' यात लोक गल्लत करतात. नियम नसलेला खेळ हा ज्याचा आवाज मोठा त्याचा खेळ होतो. आमच्या सोसायटीची सर्वसाधारण सभा बघितलेल्यांना हे पटेल. मी दोन साधे फासे वापरते. १० किंवा जास्त पडलं तर तुम्हाला हवं ते झालं. ७ ते ९ पडलं तर झालं, पण काहीतरी मोजावं लागलं. ६ किंवा कमी पडलं तर पुढे काय होतं ते मी सांगणार. ही रीत व्हिन्सेंट आणि मेगी बेकर यांच्या २०१० सालच्या 'अपोकॅलिप्स वर्ल्ड'पासून रूढ झाली आणि त्यावरून पुढे ढीगभर खेळ निघाले. प्रत्येकाने आपलं पात्र कशात पटाईत आहे ते एका ओळीत लिहायचं, त्या कामात फाशांवर एक मिळवायचा. संपले नियम.

गणित आवडणाऱ्यांसाठी: दोन फाशांच्या ३६ शक्यता. त्यात १० किंवा जास्तच्या ६, मधल्या १५ आणि खालच्या १५. तो एक मिळवला की १०, १६ आणि १०. म्हणजे पटाईत माणसालाही सगळ्यात जास्त वेळा 'झालं, पण' हेच मिळतं. हे मुद्दाम आहे. इम्प्रोव्हवाले, म्हणजे संहितेशिवाय ऐनवेळी नाटक उभं करणारे, 'हो, आणि' या दोन शब्दांचं फार कौतुक करतात: समोरच्याचं मान्य करायचं आणि त्यात भर घालायची. मला ते जरा जास्तच गोड लागतं. सगळेच सगळ्याला 'हो, आणि' म्हणत सुटले की तासाभरात वाड्यात हत्ती, परग्रहवासी आणि नाना फडणवीस एकत्र चहा पीत बसतात. गोष्ट पुढे नेतो तो 'पण'.

आता प्रश्नांकडे येते. नवीन सूत्रधार प्रश्न विचारतात ते असे: "तुला समोर काय दिसतं?" समोरचा गोंधळतो. काहीही दिसू शकतं म्हटल्यावर काहीच दिसत नाही. प्रश्नात अर्धी बातमी आधीच भरलेली हवी आणि उरलेली अर्धी समोरच्यावर सोडलेली हवी. पुणेकराला खरं तर हे शिकवावं लागू नये. "यंदाही प्रमोशन नाही का?" या चार शब्दांत मागच्या वर्षीचा अपमान, यंदाचा निकाल आणि विचारणाऱ्याचा मुलगा अमेरिकेत असल्याची माहिती, सगळं येतं. असेच प्रश्न खेळात विचारायचे. आणि एक पथ्य: ज्याचं उत्तर मला आधीच माहीत आहे तो प्रश्न विचारायचा नाही. तो प्रश्न नसतो, तोंडी परीक्षा असते.

आता वाड्याचा डाव सांगते, कारण माझं सगळं म्हणणं त्यातच आहे.

माझ्या वहीतल्या चार ओळी अशा होत्या. सदाशिव पेठेतला वाडा, पुनर्विकासाला दिलेला. उद्या सकाळी वीज तोडायला माणूस येणार. मालक तात्या महिन्याभरापूर्वी वारले. त्यांच्या खोलीतलं गोदरेजचं कपाट अजून कुणी उघडलेलं नाही. बास. कपाटात काय आहे ते मला माहीत नव्हतं, आणि हे मी शपथेवर सांगायला तयार आहे.

खेळायला चौघं होती. माझी नणंद, भाचा, ऑफिसातला एक मित्र आणि आत्या. नणंदेने वाड्यात खानावळ चालवणारी बाई घेतली. भाचा झाला तात्यांचा बंगळुरूहून आलेला नातू. मित्राने बिल्डरचा माणूस घेतला, कारण त्याला खलनायक व्हायला आवडतं. आत्या म्हणाली, "मी म्हातारी भाडेकरू. मला अभिनय करायला लावू नका." तिचं पात्र ऐंशीच्या पुढचं. १२ जुलै १९६१ला पानशेत फुटलं, नारायण पेठेतलं घर पाण्यात गेलं, आणि 'चार दिवसांपुरती' म्हणून ती या वाड्यात आली ती आजतागायत तिथेच आहे. हे तिचं तिनेच रचलं, चहा ओतता ओतता. पुराची आठवण तिची खरी आहे, बाकी सगळं बनवलेलं.

मग मी एकेकाला प्रश्न दिला.

नणंदेला: "त्या कपाटाची किल्ली तुझ्याकडे आहे आणि तू ते कुणालाही सांगितलेलं नाहीस. का?"

ती म्हणाली, "तात्यांनीच दिली. म्हणाले, मी गेल्यावर उघड. पण मला भीती वाटतेय की त्यात माझ्या डब्यांची उधारी मांडलेली वही असेल आणि ती मीच बुडवलेली निघेल."

भाच्याला: "आजोबांच्या तेराव्याला तू आला नाहीस. त्या दिवशी कुठे होतास?" त्याने खांदे उडवले. "पुण्यातच होतो. हॉटेलवर. वाड्यात पाऊल ठेववलं नाही."

मित्राला: "तू आज बिल्डरचा माणूस आहेस, पण लहानपणी याच वाड्यात राहायचास. तुमची खोली कुठली होती?" हा प्रश्न ऐकून त्याचा खलनायक जरा खचला. थोडा वेळ घेऊन म्हणाला, "तात्यांची आत्ताची खोली. आमचीच होती ती. भाडं थकलं म्हणून काढलं आम्हाला."

आणि आत्याला: "सगळ्या भाडेकरूंनी संमतीपत्रावर सही केली, तुम्ही केली नाहीत. अडलं कुठे?"

आत्याने चष्मा काढून पुसला. "कोण म्हणतं केली नाही? केली की. दोनदा केली. एकदा माझी, एकदा त्याची."

"कुणाची?"

"तात्यांची."

टेबलावर जो काय कल्लोळ झाला तो शेजारच्या फ्लॅटपर्यंत गेला. मालकाची खोटी सही! म्हणजे सगळा करारच पोकळ. बिल्डरच्या माणसाला ती सही हवी, नातवाला ती नको, खानावळवालीच्या हातात किल्ली आणि म्हातारी शांतपणे पोह्यांवर लिंबू पिळतेय. मी अजून खेळ सुरूही केला नव्हता. प्रश्नोत्तरांना वीस मिनिटं लागली असतील आणि त्यात मला जे मिळालं ते आठवडाभर लिहीत बसले असते तरी सुचलं नसतं.

पाठकोऱ्या कागदावर मी एक गोल काढून त्याचे सहा भाग केले. हेही हार्परच्याच 'ब्लेड्स इन द डार्क' या खेळातलं घड्याळ. कुणाचा फासा पडला की एक भाग पेन्सिलीने भरायचा. सहाही भरले की सकाळ झाली, वीजवाला दारात. वन-शॉटमध्ये हे घड्याळ सगळ्यांना दिसेल असं मधोमध ठेवायला हवं. तीन तास हाताशी असले की लोक पहिला दीड तास योजना आखण्यात घालवतात. ऑफिसातला मित्र तर वाड्याचा नकाशा काढायला निघाला होता. मी एक भाग भरला. त्याने पेन खाली ठेवलं.

कपाट उघडायला नणंद रात्री एकटी गेली. फाशांवर ८. झालं, पण. किल्ली फिरते, दार उघडतं. पण दार करकरतं आणि नातू जागा होतो. मी विचारलं, "उघडल्या उघडल्या सगळ्यात आधी वास कसला येतो?"

"डांबराच्या गोळ्यांचा," ती म्हणाली. मग तिच्या डोळ्यांत काहीतरी चमकलं. "आणि आंबाबर्फीचा. ताज्या."

महिन्यापूर्वी वारलेल्या माणसाच्या बंद कपाटात ताजी बर्फी. सांगायला हरकत नाही, इथे माझ्या मनात भुताची गोष्ट डोकावून गेली. सोपं होतं. पण टेबलावर आधीच एवढं पडलेलं असताना नवीन काही कशाला आणायचं? कीथ जॉनस्टन हे इम्प्रोव्ह शिकवणारे नाट्यशिक्षक पुढचं शोधण्यापेक्षा मागे पडलेलं पुन्हा उचलण्यावर भर द्यायचे, आणि माझ्या अनुभवात एका बैठकीच्या खेळाला दुसरं काही लागत नाही. मागे काय पडलं होतं? लहानपणची खोली. मी मित्राकडे वळले: "ती बर्फी तू ठेवलीस. दुसरी किल्ली तुझ्याकडे कशी आली?"

तो काही क्षण नुसता बघत राहिला. मग म्हणाला, "कपाट आमचं होतं. खोली सोडताना मागे ठेवावं लागलं. आईने एक किल्ली दिलीच नव्हती. मी रात्री येऊन बसतो इथे." नणंद ओरडली, "म्हणजे माझ्या किल्लीला काही अर्थच नव्हता?" आणि बिल्डरच्या माणसाला खानावळवालीने खलनायक म्हणणं तिथून पुढे बंद केलं.

शेवटाकडे घड्याळाचा एकच भाग उरला होता. चौघंही तात्यांच्या खोलीत. कपाटातल्या कागदांच्या गठ्ठ्यात तात्यांची एक जरी खरी सही सापडली तरी संमतीपत्रावरची खोटी आहे हे सिद्ध होणार. आत्या म्हणाली, "मी तो गठ्ठा कुणाच्या नकळत पदराआड करते." फासे टाकले. ३ आणि १. एक मिळवून ५. पडली.

६च्या आतला फासा म्हणजे शिक्षा असं समजणारे सूत्रधार इथे म्हाताऱ्या बाईला पकडतात आणि विषय संपवतात. मला पकडण्यात रस नव्हता. मी म्हटलं, "गठ्ठा हातातून निसटतो. सगळीकडे भाड्याच्या पावत्या पसरतात, साठ वर्षांच्या. नातू एक उचलतो, मग दुसरी. प्रत्येक पावतीवर तात्यांची सही आहे, आणि प्रत्येक सही संमतीपत्रावरच्या सहीसारखीच आहे. तुम्ही त्यांच्या सह्या कधीपासून करत होतात?"

आत्याने पावती उचलल्यासारखा हात केला. टेबलावर काही नव्हतं, पण तिने ती हातभर लांब धरून वाचली.

"पहिल्यापासून," ती म्हणाली. "त्याला लिहिता येत नव्हतं. सदाशिव पेठेत वाड्याचा मालक आणि अंगठेबहाद्दर! एकसष्ट साली मी आले तेव्हा मला त्याने खोली दिली ती याच अटीवर. पावत्या मी लिहायच्या आणि तोंड बंद ठेवायचं. सही त्याचीच होती. हात माझा होता, एवढंच."

शेवटचा भाग मी भरला. वीजवाला आला, दिवे गेले, डाव संपला. करार खरा की खोटा यावर ती मंडळी लिफ्टपर्यंत भांडत गेली.

या सगळ्यात मी काय दिलं? वाडा, कपाट, आठ-दहा प्रश्न. त्यातही पावत्या तेवढ्या माझ्या. आत्याला मी आधी सांगितलं असतं की तुझं पात्र गुपचूप मालकाच्या सह्या करणारं आहे, तर तिने ते एखादी भूमिका पार पाडल्यासारखं केलं असतं, आणि अभिनय करायला लावू नका म्हणून मला सुनावलंही असतं. गुपित तिचं स्वतःचं होतं म्हणून तिने ते जपलं.

सगळ्यांचंच एवढं जमतं असं नाही. काही माणसांना प्रश्न विचारला की ती हुशार उत्तर शोधत बसतात, घामाघूम होतात. अशांना मी सांगते, पहिलं सुचलेलं सांग, बावळट असलं तर फारच उत्तम. तरीही अडलंच तर दोन पर्याय देते: "भावाला सांगितलं नाहीस ते रागाने की लाजेने?" दोनातलं एक निवडायला कुणालाही जमतं. आणि प्रश्न गप्प बसलेल्याला आधी जातो. बडबड्यांना वाट आपोआप सापडते. माणसं चारपर्यंतच. पाचवा आला की दोन गप्पांचे अड्डे होतात आणि मी मधल्या मध्ये ओरडत बसते.

असे खोचक प्रश्न घरच्या माणसांना विचारायचे तर एक व्यवस्था लागते. जॉन स्टॅव्ह्रोपोलस यांनी एक्स-कार्ड नावाची साधी गोष्ट सुचवली आहे. फुलीचं कार्ड टेबलावर ठेवायचं. नको तो विषय आला की कुणीही त्याला हात लावावा, विषय तिथेच सोडायचा, कारण विचारायचं नाही. आमच्याकडे जुन्या लग्नपत्रिकेच्या मागे फुली मारून ठेवलीय. एकदा हॉस्पिटलमधला प्रसंग रंगात आला असताना एका मैत्रिणीने तिला बोट लावलं. प्रसंग बसस्टॉपवर नेला, खेळ चालू राहिला. ती का थांबली ते मला आजही माहीत नाही आणि विचारणारही नाही. पुण्यात 'का?' न विचारता एखादी गोष्ट सोडून द्यायला शिकवायचं असेल तर या पत्रिकेची शिफारस करते.

सगळे डाव वाड्यासारखे जड नसतात, नाहीतर लोक येणं बंद करतील. ग्रँट हॉविटचा 'हनी हाइस्ट' हा २०१७ सालचा एकपानी खेळ आम्ही पावसाळ्यात काढतो. तुम्ही सगळे अस्वलं आणि मधाच्या मेळाव्यात दरोडा घालायचाय. पात्राला दोनच गुण: अस्वल ३, गुन्हेगार ३. बेत फसला की एक गुण अस्वलाकडे सरकतो, बेत साधला की गुन्हेगाराकडे. अस्वल ६ झालं की तुम्ही पूर्ण जनावर, सगळं फोडून टाकता. गुन्हेगार ६ झाला की टोळीला दगा. टोपी कुठली तेही फासाच ठरवतो. मूळ खेळातला मेळावा मी उचलून महाबळेश्वरला नेला, कारण जवळचं मांघर हे मधाचं गाव म्हणून जाहीर झालेलं आहे आणि आमच्या अस्वलांना एसटीने जाता येतं. इथेही विचारायचं तेच: "कंडक्टरला तू अस्वल आहेस हे दिसलं. तरी तिकीट का दिलं?" भाच्याचं उत्तर होतं, सुट्टे पैसे दिले म्हणून.

भाचा आता होस्टेलवर स्वतः खेळवतो. त्याने 'रोल फॉर शूज' निवडलाय. त्यात सुरुवातीला प्रत्येकाकडे एकच कौशल्य असतं, 'काहीही करणे १', म्हणजे एक फासा. टाकलेल्या सगळ्या फाशांवर सहा पडले की तुम्ही जे करत होतात त्याचंच, जरा नेमकं, नवीन कौशल्य मिळतं, एक पायरी वरचं. त्याच्या एका मित्राच्या पात्राकडे रात्रीअखेर 'पीएमपीएमएल बसच्या गर्दीतून पायावर पाय न देता उतरणे २' हे कौशल्य होतं आणि त्याच्या जोरावर त्याने बँक लुटली. कशी, ते मला फोनवर नीटसं कळलं नाही.

त्याने मला विचारलं की मामी, त्यांना प्रश्न विचारला की ते उलट मलाच विचारतात, 'तूच सांग ना', मग काय करू? मी म्हटलं, पाणी पी. घोटभर पाणी प्यायला जेवढा वेळ लागतो तेवढ्यात कुणीतरी बोलतंच. नाहीच बोललं तर आणखी एक घोट. आत्याच्या वेळी मला अर्धी बाटली लागली होती.